मऊ नळीचे मनन

हात

हे वाचताना घाई नको. खुर्चीत पाठ टेकून बसा, बाही कोपरापर्यंत वर घ्या आणि एक हात खाली सैल सोडा. मिनिटभर तो तसाच राहू द्या. मग हाताची मागची बाजू बघा. शिरा फुगून वर आल्या असतील. निळसर, वळणावळणाच्या, बोट ठेवले तर मऊ लागणाऱ्या. उतारवयातल्या हातावर त्या ठळक दिसतात, लहान मुलाच्या गुबगुबीत हातावर जेमतेम.

आता तोच हात सरळ ठेवून अगदी सावकाश वर उचला. मूठ आवळू नका. नजर शिरांवर असू द्या. हात एका उंचीवर आला की त्या बसायला लागतात. आधी वरचा उठाव जातो, मग कडा पुसट होतात, आणि शेवटी शिरेच्या जागी त्वचेवर एक उथळ खोबण तेवढी उरते. हात खाली आणा, शिरा भरतील. पुन्हा वर न्या. शीर नेमकी कोणत्या उंचीवर बसते ते शोधा.

या उंचीवरून पूर्वी डॉक्टर हृदयाच्या उजव्या कप्प्यातल्या दाबाचा अंदाज बांधत. माणूस निरोगी असेल तर हात हृदयाच्या पातळीच्या वर गेला की शिरा रिकाम्या होतात. उजव्या कप्प्यात दाब साठला असेल, तर हात बराच वर नेला तरी त्या भरलेल्याच राहतात. आजही रुग्णाला 45 अंशांत टेकवून त्याच्या मानेतल्या शिरेची धडधड कुठवर दिसते ते डॉक्टर बघतात, तेव्हा ते हीच उंची वाचत असतात.

हात वर असतानाच स्वतःला एक प्रश्न विचारा: रक्त थांबले का? थांबलेले नाही. धमन्या रक्त आणत आहेत, आणि आलेले रक्त परत हृदयाकडे जात आहे. शीर चपटी झाली आहे आणि तिच्यातून वाहणेही चालू आहे. या एकाच गोष्टीजवळ आपण बसणार आहोत. जिच्या भिंती मऊ आहेत, जी दाबाप्रमाणे मिटते आणि उघडते, त्या नळीतून द्रव वाहतो कसा, आणि गणिताने ते वाहणे कसे पकडले?

पक्की नळी

आधी मन एका सोप्या नळीवर ठेवू. काचेची किंवा लोखंडी, सरळ, सगळीकडे सारख्या रुंदीची. एका टोकाला जास्त दाब, दुसऱ्या टोकाला कमी. पाणी जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जाते. पॅरिसमधले डॉक्टर ज्याँ प्वाझय यांनी 1840च्या सुमारास काचेच्या बारीक नळ्यांमधून असे प्रवाह मोजले. त्यांना रक्ताचे कोडे उलगडायचे होते. संथ प्रवाहासाठी त्यांना जो नियम सापडला तो आजही शिकवला जातो. प्रवाह दोन टोकांच्या दाबांतल्या फरकाच्या प्रमाणात असतो आणि त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतो. त्रिज्या निम्मी केली की प्रवाह सोळाव्या हिश्शावर येतो.

या नियमात एक शांत गृहीतक दडलेले आहे, ते हळूच बाहेर काढू. नळीची त्रिज्या आधीच ठरलेली आहे. पाणी कितीही वाहो, ती बदलत नाही. म्हणून जास्त पाणी हवे असेल तर दोन मार्ग आहेत आणि दोन्ही सारखेच चालतात: मागून जास्त ढकला, किंवा पुढून जास्त ओढा. पक्क्या नळीला ढकलणे आणि ओढणे यांत फरक कळत नाही.

आपली शीर अशी नाही. श्वासनलिकेच्या बारीक फांद्या अशा नाहीत. झोपेत सैलावणारा घसा असा नाही. यांची त्रिज्या प्रवाहाच्या आधी ठरत नाही. ती प्रवाहाबरोबर ठरते.

पेटी

1912 साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये अर्नेस्ट स्टारलिंग आणि त्यांचे सहकारी नोल्टन शरीराबाहेर चालू ठेवलेल्या कुत्र्याच्या हृदयावर प्रयोग करत होते. त्या हृदयासमोर शरीरातल्या धमन्यांसारखा अडथळा उभा करायला हवा होता, आणि तो हवा तसा कमी-जास्त करता यायला हवा होता. त्यांनी रबराची एक पातळ नळी काचेच्या रुंद नळीत बसवली आणि दोन्हींच्या मधल्या पोकळीत हवेचा दाब भरला. बाहेरचा दाब वाढवला की रबर मिटे, कमी केला की उघडे. शरीरशास्त्रात या साधनाला स्टारलिंग रोधक म्हणतात. मऊ नळीचे पुढचे जवळजवळ सगळे गणित या पेटीपाशी येऊन बसले आहे.

ही पेटी मनात उभी करा. डावीकडून पाणी येते, मधे बंद पेटीतून जाणारी पातळ रबरी नळी, उजवीकडून पाणी बाहेर. दाब आपण पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये मोजू. पेटीतला दाब 20. डावीकडे, आत येताना, 40. उजवीकडे, बाहेर जाताना, 30. रबरी नळीच्या आतला दाब सगळीकडे बाहेरच्या 20 पेक्षा जास्त आहे, म्हणून ती गोल आणि उघडी आहे. प्रवाह 40 आणि 30 मधल्या फरकावर, म्हणजे 10 वर चालला आहे.

आता उजवीकडचा दाब हळूहळू कमी करा. 28. 25. 20. फरक 20 झाला, प्रवाह जवळपास दुप्पट झाला. इथवर नळी पक्क्या नळीसारखीच वागली. आणखी कमी करा: 15, 10, आणि शेवटी शून्य. टोकांमधला फरक 40 झाला. प्रवाह किती वाढला?

उत्तराची घाई नको. नळीच्या उजव्या टोकाकडे बघा. तिथे आतला दाब बाहेरच्या 20 पेक्षा खाली गेला की भिंती आत येतात. भिंती आत आल्या की अडथळा वाढतो, आणि अडथळा वाढला की त्याच्या मागचा दाब पुन्हा चढू लागतो. नळी पुरती मिटत नाही, कारण मिटली तर मागचा 40 दाब तिला लगेच उघडेल. ती पुरती उघडतही नाही, कारण उघडली तर पुढची ओढ तिला मिटवेल. दोहोंच्या मधे, उजव्या टोकाशी, ती एका अरुंद फटीवर स्थिरावते. ओढीत जी भर पडली ती सगळी त्या फटीत खर्च होते. प्रवाह 20 च्या फरकावर जिथे होता जवळपास तिथेच राहतो. त्याला चालवतो आहे तो आतला 40 आणि पेटीचा 20 यांच्यातला फरक. उजवीकडचा दाब 10 असो वा शून्य, प्रवाहाला त्याचे काही नाही.

1962 साली सोल पर्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फुफ्फुसातल्या रक्तप्रवाहासाठी या अवस्थेला धबधब्याची उपमा दिली, आणि ती शास्त्रात रुळली. कड्यावरून किती पाणी पडते ते वरची नदी ठरवते. खालचा डोह किती खोल आहे याने त्यात फरक पडत नाही. दोन वर्षांनी, 1964 मध्ये, जॉन वेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभ्या फुफ्फुसाचे असेच भाग पाडले. माणसाच्या फुफ्फुसाची उंची सुमारे 30 सेंटिमीटर. खालच्या भागात रक्तवाहिन्या पूर्ण उघड्या असतात. त्याच्या वर असा पट्टा असतो की तिथले रक्त, पुढे शिरेत किती दाब आहे याची पर्वा न करता, धमनीतला दाब आणि हवेच्या पिशव्यांमधला दाब यांच्या फरकावर चालते. धमनीतला दाब हवेच्या दाबाहून कमी पडला तर शिखराशी वाहणे बंदच होते. उघडी, अर्धवट मिटलेली आणि बंद, अशा स्टारलिंगच्या पेटीच्या तिन्ही अवस्था एका फुफ्फुसात एकावर एक रचलेल्या सापडतात.

भिंत

आता पाणी विसरा. लक्ष फक्त भिंतीवर आणा. पातळ रबरी नळीचा आडवा छेद डोळ्यांपुढे घ्या: एक वर्तुळ.

आत दाब जास्त असेल तर वर्तुळ ताणले जाते. ताणायला जोर लागतो, म्हणून बराच दाब वाढवावा तेव्हा छेद थोडासा मोठा होतो. आता बाहेरचा दाब हळूहळू वाढवा. काही काळ वर्तुळ वर्तुळच राहते. मग एका ठरावीक दाबाशी ते एकाएकी लंबगोल होते. हा दाब भिंतीची जाडी आणि त्रिज्या यांच्या गुणोत्तराच्या घनावर अवलंबून असतो. जाडी दुप्पट केली तर तो आठपट होतो. धमनी आणि शीर यांच्या वागण्यातला फरक या घनात दिसतो: शीर पातळ असल्याने ती किरकोळ दाबालाही नमते.

लंबगोल झाल्यावर नळी अगदी सहज पिचकते. दाबात नखाएवढा बदल झाला तरी छेद निम्म्यावर येतो. समोरासमोरच्या भिंती जवळ येतात, मधोमध एकमेकींना टेकतात, आणि दोन्ही कडांना दोन लहान वाटा उघड्या राहतात. त्या वाटा बंद करणे फार कठीण असते, कारण तिथे भिंत एकदम तीव्र वळण घेते आणि ती वाकवायला पुन्हा जोर लागतो. चपट्या शिरेतून रक्त जात राहते ते या कडेच्या वाटांनी. वर उचललेल्या हाताकडे आता पुन्हा बघा.

दाब आणि छेद यांच्या या नात्याला नळीचा नियम म्हणतात. कागदावर काढला तर तो तीन भागांचा वक्र दिसतो: फुगलेल्या बाजूला ताठ, पुरत्या पिचकलेल्या बाजूलाही ताठ, आणि मधे सैल. सारा खेळ त्या मधल्या सैल भागात आहे.

तीन समीकरणे

गणिती प्रारूप या शब्दाने दडपून जाऊ नका. इथे तीनच गोष्टी अज्ञात आहेत: नळीच्या प्रत्येक ठिकाणचा छेद, तिथला वेग आणि तिथला दाब. तीन अज्ञातांना तीन समीकरणे. ती एकेक करून मनात म्हणू.

पहिले पाण्याच्या हिशोबाचे. नळीचा एक छोटा तुकडा धरा. जे आले त्यातून जे गेले ते वजा करा. जे उरले तेवढीच त्या तुकड्यात जागा वाढली असली पाहिजे, कारण पाणी दाबून लहान होत नाही.

दुसरे न्यूटनचे. पाण्याचा वेग बदलतो तो मागच्या-पुढच्या दाबांतल्या फरकाने, आणि भिंतीशी होणारे घर्षण त्याला मागे धरते. नळी उभी असेल तर गुरुत्वाकर्षणही यात येते.

तिसरे भिंतीचे, म्हणजे आपण आत्ताच पाहिलेला नळीचा नियम. आतला दाब आणि बाहेरचा दाब यांतला फरक सांगा, छेद किती ते कळेल.

पक्क्या नळीत तिसऱ्या समीकरणाची गरजच नसते. मऊ नळीत ते आले की पहिली दोन एकमेकांत गुंततात. दाब छेद ठरवतो, छेद वेग ठरवतो, वेग दाब ठरवतो. कोणतेही एक आधी सोडवून बाजूला ठेवता येत नाही. लेओनार्ड ऑयलर यांनी धमन्यांसाठी अशी समीकरणे 1775 सालीच लिहिली होती. एवढ्या मोठ्या गणितज्ञाला ती मांडता आली, सोडवता आली नाहीत. तो निबंध छापून आला 1862 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर जवळजवळ ऐंशी वर्षांनी.

या प्रारूपाने काय सोडून दिले तेही प्रामाणिकपणे बघू. छेदाच्या मध्यभागी पाणी जोरात जाते आणि भिंतीशी हळू. आपण त्याची सरासरी घेतली. फटीतून बाहेर पडलेली धार पुढे भोवऱ्यांत मोडते आणि ऊर्जा गमावते. तिच्यासाठी वेगळी तजवीज करावी लागते. भिंतीचा लांबीच्या दिशेचा ताण वगळला. प्रारूप म्हणजे नळी नव्हे. तरीही त्या तीन ओळींमध्ये नळीचा स्वभाव उतरतो, आणि तो असा उतरतो की प्रयोगात दिसलेल्या गोष्टीचे कारण हाती लागते.

लाट

ते कारण एका वेगात आहे. नळीच्या एका जागी बोटाने हलकेच टिचकी मारा. तिथे छेद किंचित बदलतो आणि तो बदल लाट होऊन दोन्ही बाजूंना पळतो. मनगटावर बोट ठेवल्यावर जाणवते ती नाडी म्हणजे अशीच लाट. धमनीत ती सेकंदाला काही मीटर धावते, रक्ताहून कितीतरी पुढे. लवचीक नळीतल्या या वेगाची मांडणी थॉमस यंग यांनी 1808 मध्येच केली होती. नळी फुगवायला जितका जास्त दाब लागतो तितकी लाट वेगवान. आतला द्रव जितका जड तितकी ती संथ.

आता नळीच्या नियमाचा मधला सैल भाग आठवा. तिथे थोड्या दाबाने छेद खूप बदलतो, म्हणून तिथे लाट मंदावते. आणि छेद लहान झाल्यामुळे त्याच जागी पाण्याचा वेग वाढलेला असतो. एक उतरतो आहे, दुसरा चढतो आहे. कुठेतरी दोघे सारखे होतात.

या जागेपाशी सावकाश थांबा. पुढच्या टोकाला दाब कमी केला ही खबर मागे पोचते ती लाटेनेच. लाटेला प्रवाहाविरुद्ध पोहत यावे लागते. जिथे पाणी लाटेच्याच वेगाने समोरून येत आहे तिथे लाट जागच्या जागी खिळते. खबर मागे जात नाही. पुढे कितीही ओढा, त्या जागेच्या मागच्या पाण्याला त्याचा पत्ता लागणार नाही. प्रवाह त्याच्या कमालीला पोचला.

एमआयटीतल्या ॲशर शापिरो यांनी 1977 साली मऊ नळीतल्या स्थिर प्रवाहाची ही सगळी मांडणी एका सूत्रात बांधली. घर्षण, गुरुत्व, बाहेरचा दाब, भिंतीचा ताठपणा यांतले काय बदलले तर प्रवाह या मर्यादेकडे सरकेल आणि काय बदलले तर तिच्यापासून दूर जाईल, हे त्यातून वाचता येते. ध्वनीच्या वेगाशी पोचणाऱ्या वायूची समीकरणे ज्या घडणीची असतात, हुबेहूब त्याच घडणीची ही निघाली.

मान

आता मान सरळ करून बसा. डोक्यातून खाली येणाऱ्या मोठ्या शिरा मानेत दोन्ही बाजूंना आहेत. तुम्ही ताठ बसलात तेव्हा त्या बहुतेक मिटलेल्या असतात, कारण आतला दाब बाहेरच्या हवेइतकाही राहत नाही. कवटीतल्या शिरांचे मात्र तसे होत नाही. त्यांच्या भिंती घट्ट आवरणाला बांधलेल्या असल्याने दाब हवेपेक्षा खाली गेला तरी त्या उघड्या राहतात. शिरा छातीत शिरतात तिथे पुन्हा मानेसारखाच प्रकार आहे. हृदयाच्या उजव्या कप्प्यातला दाब हवेपेक्षा खाली नेला की सुरुवातीला परतणारे रक्त वाढते आणि मग वाढायचे थांबते, कारण तोंडाशीच शिरा मिटतात. हृदय रक्त ओढून घेऊ शकत नाही. त्याला मिळते तेवढे ते पुढे पाठवते.

आफ्रिकेतल्या जिराफाच्या मानेत हे मोठ्या मापात दिसते. उघड्या, भरलेल्या नळीत खाली जावे तसा दाब वाढला पाहिजे. उभ्या जिराफाच्या मानेच्या शिरेत तो वरच्या बाजूला जास्त आणि खाली कमी मोजला गेला. टिम पेडली, ब्रुक आणि सेमूर यांनी 1996 साली मऊ नळीच्या समीकरणांनी याचा अर्थ लावला: शीर पिचकलेली आहे, अरुंद वाटेतले घर्षण गुरुत्वाला तोलून धरते आणि रक्त आपल्या वजनानेच खाली उतरते. 

पट्टा

दंडावर बीपीचा पट्टा बांधून घेतल्याचे स्पर्शाने आठवा. हवा भरली जाते, हात घट्ट आवळला जातो, बोटांत मुंग्या येतात. मग हवा सुटू लागते. इथे स्टारलिंगची पेटी तुमच्या दंडाभोवती आहे आणि आतली नळी म्हणजे तुमची धमनी. पट्ट्याचा दाब हृदयाच्या ठोक्याच्या वरच्या दाबाहून खाली आला की प्रत्येक ठोक्याला धमनी क्षणभर उघडते आणि पुन्हा मिटते. कोपराच्या लवणीत ठेवलेल्या स्टेथोस्कोपमध्ये टक्, टक् असा आवाज येतो. दाब खालच्या आकड्याखाली गेला की धमनी कायम उघडी राहते आणि आवाज विरतो. रशियन शल्यचिकित्सक निकोलाय कोरोत्कोव्ह यांनी 1905 मध्ये ही रीत सांगितली. 120 आणि 80 हे आकडे घरोघरी माहीत झाले ते एका मिटणाऱ्या नळीच्या आवाजामुळे.

मऊ नळी अशी थरथरू शकते हेही समीकरणांत आहे. प्रवाह जोराचा झाला की भिंत आणि पाणी एकमेकांना हलवत ठेवतात, बाहेरून कोणी हलवले नाही तरी. दम्यात छातीतून येणारी शिट्टी आणि झोपेतले घोरणे यांचा उगम तिथेच आहे. ही थरथर सुरू होण्याची एकाहून अधिक कारणे सापडली आहेत, आणि त्यांवर काम चालू आहे.

श्वास

आता श्वासाकडे येऊ. दमा असेल, हृदयाचा त्रास असेल किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर पुढचे नुसते वाचा. इतरांनी एकदा पूर्ण श्वास घ्यावा आणि तोंड उघडे ठेवून जितका जोरात सोडता येईल तितका सोडावा. मग दुसऱ्यांदा श्वास घेऊन मध्यम जोराने सोडावा. दोन्ही वेळा श्वासाच्या शेवटच्या भागाकडे लक्ष द्या. सुरुवात वेगळी असेल. शेवट जवळपास सारखाच असेल, आणि तिथे जोर लावून काही मिळाले नसेल.

1958 साली हयात, शिल्डर आणि फ्राय यांनी हे मोजून दाखवले. फुफ्फुसात हवेचे एक ठरावीक प्रमाण उरले असताना, श्वास सोडण्याचा वेग जोराबरोबर एका मर्यादेपर्यंतच वाढतो. त्यापुढे जोर वाढतो, वेग वाढत नाही.

कारण आकड्यांनी बघू. छातीच्या स्नायूंनी फुफ्फुसाभोवती 30 सेंटिमीटर पाण्याचा दाब निर्माण केला. फुफ्फुस ताणलेले आहे. स्वतःच्या लवचीकतेने ते आणखी 10 चा दाब देते. म्हणून हवेच्या पिशव्यांमध्ये 40. तिथून तोंडाकडे येताना घर्षणाने आणि वेग वाढल्याने नळीतला दाब कमी होत जातो: 40, 36, 33, 30. या जागी आतला आणि बाहेरचा दाब सारखा झाला. याच्या पुढे नळी बाहेरून दाबली जाते. आता जोर दुप्पट करा. बाहेर 60, पिशव्यांमध्ये 70. दोन्ही दाब समसमान व्हायची जागा पुन्हा 10 चा दाब खर्च झाल्यावरच येते. तुम्ही लावलेला जोर आतही पडला आणि बाहेरही पडला. हिशोबातून तो वजा झाला. उरले ते फुफ्फुसाचे 10. हा दाब माणसाच्या इच्छेत नसतो, ऊतींच्या लवचीकतेत असतो. मीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1967 मध्ये हे मांडले. डॉसन आणि एलियट यांनी 1977 मध्ये लाटेच्या वेगाची मर्यादा श्वासनलिकेला लावून त्याला भक्कम आधार दिला. लाटेच्या सूत्रात द्रवाची घनता आहे, त्यामुळे हलका वायू दिला तर मर्यादा वर सरकायला हवी. निरोगी माणसाला हेलियम आणि ऑक्सिजनचे मिश्रण देऊन बघितले, तेव्हा श्वास सोडण्याचा कमाल वेग खरोखरच वाढला.

श्वासाची क्षमता मोजणाऱ्या स्पायरोमेट्रीच्या खोलीत तंत्रज्ञ जीव तोडून फुंकायला सांगतो. त्या तपासणीचे सामर्थ्य यात आहे: एका मर्यादेपलीकडे जोराचा हिशोब संपतो, आणि यंत्र रुग्णाच्या चिकाटीऐवजी त्याच्या नळ्या मोजते.

आता ज्या फुफ्फुसाची लवचीकता गेली आहे त्याच्याजवळ बसा. वर्षानुवर्षे बिडी-सिगारेटच्या किंवा चुलीच्या धुराने भिंती झिजल्या. 10 च्या जागी 3 उरले. दोन्ही दाब समसमान व्हायची जागा फार लवकर येते, आणि ती येते बारीक नळ्यांमध्ये, जिथे कूर्चेचा आधार नाही. माणूस घाबरून जोर लावतो. नळ्या मिटतात. हवा आतच अडकते. तो आणखी जोर लावतो.

अशा रुग्णांना ओठ शिट्टीसारखे मिटून सावकाश श्वास सोडायला शिकवतात. कित्येक जण तर कोणी न सांगता तसे करू लागतात. अरुंद ओठांमुळे तोंडातला दाब चढतो आणि हवा संथ जाते. संथ गेल्याने वाटेत दाब कमी खर्च होतो. समसमान दाबाची जागा बारीक नळ्यांमधून रुंद, कूर्चेने सावरलेल्या नळ्यांकडे सरकते. वाट उघडी राहते. बाहेरच्या टोकाला अडथळा घातल्याने आतून हवा जास्त निघते, हे पक्क्या नळीच्या मनाला पटणार नाही.

हाच हिशोब झोपेत घसा मिटणाऱ्या माणसाला लागू पडतो. घशाच्या त्या भागाला हाडाचा आधार नाही. स्नायू सैल पडले की भोवतालचे ऊतक त्याला मिटवते. छाती आतून कितीही ओढो, मिटलेला घसा ओढीने उघडत नाही. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी 1981 मध्ये नाकावाटे थोड्या जास्त दाबाची हवा सतत देऊन तो उघडा ठेवला. सीपॅप यंत्र म्हणून आज उशाशी असते ते हेच. पुढची ओढ वाढवण्याऐवजी मागचा दाब वाढवला, म्हणजे स्टारलिंगच्या पेटीतले डावे बटण फिरवले.

जोर

आता डोळे मिटून आत्तापर्यंतचे एकदा मनात फिरवा. मऊ नळीला पुढून ओढून भागत नाही. तिच्या आतला दाब, बाहेरचा दाब आणि भिंतीची स्थिती या तिन्हींचे नाते बघावे लागते. नळी पिचकते ही तिची दुर्बलता मानू नका; पिचकण्यामुळेच मानेतले रक्त सावरले जाते आणि हृदयाकडे झेपेल तेवढेच पोचते. आणि ती पिचकून अडचण करते तेव्हा उपाय सापडतो तो तिच्यावर आणखी बळ लावून नाही, तर दाबांचे नाते बदलून.

तुमच्या घरात कोणाला दम लागत असेल, धाप लागून तो माणूस घाबरला असेल, तर त्याला जोर लावायला सांगू नका. तो आधीच लावतो आहे. औषध आणि डॉक्टर यांची सोय बघा, आणि तोवर त्याच्या शेजारी बसा. त्याला थोडे पुढे वाकून हात टेकू द्या. ओठ मिटून सावकाश श्वास सोडायला सांगा, आणि तुम्हीही त्याच्याबरोबर तसाच सोडा.